किलोला चौदा रुपये

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लांबण लागणार आहे, कंटाळा आला तर सोडून द्या.

आमची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेलीय, जो तो घर रिकामं करतोय. खालच्या मजल्यावरच्या काकांना जाऊन वर्षही झालं नाही, आणि आज जिन्यात त्यांच्या डायऱ्यांचे गठ्ठे, सुतळी बांधून. रद्दीवाला ताणकाट्याला लावतोय आणि मुलगा फोन कानाला लावूनच विचारतोय, "चौदाच? मागच्या वेळी सोळा दिले होतेस." बापाच्या चाळीस वर्षांच्या अक्षरासाठी दोन रुपयांची घासाघीस!

मी गप्प बसले. बोलायला तोंड नाही मला. का, ते सांगते, पण आधी फर्मा.

पिएर द फर्मा. चामड्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा, कायदा शिकला, १६३१ पासून फ्रान्समधल्या तूलूजच्या न्यायालयात. दिवसभर खटले आणि उरल्या वेळात गणित. हयातीत स्वतःच्या नावाने जवळपास काही छापलं नाही. सगळं पत्रांत. १६५४ साली अर्धवट सुटलेल्या जुगाराच्या डावाचे पैसे कसे वाटायचे यावर त्याची नि पास्कल या दुसऱ्या फ्रेंच गणितज्ञाची पत्रापत्री झाली, आणि त्यातून संभाव्यतेचं गणित उभं राहिलं! पत्रांत मावेना ते पुस्तकांच्या समासांत. डायोफँटस या प्राचीन ग्रीक गणितज्ञाच्या 'अरिथमेटिका'च्या समासात त्याने लिहून ठेवलं की एका वर्गाची दोन वर्गांत फोड होऊ शकते, पण घनाची दोन घनांत होत नाही, पुढच्या कुठल्याच घाताचं असं होत नाही. सुरेख सिद्धता सापडलीय, पण समासात मावत नाही.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, तालुक्याच्या कोर्टात कारकून. फर्मा न्यायाधीशांच्या बाकावर, अण्णा टेबलाखालच्या दप्तरात, एवढाच काय तो फरक, असं ते स्वतःच हसून म्हणायचे. संध्याकाळी चहा झाला की मांडीवर कॅलेंडर उलटं. महिना संपला की ते पान त्यांचं. निळी पेन्सिल, बारीक आकडे, शेवटी 'पडताळा' आणि त्याखाली दोन रेघा. कागद पुरला नाही तर कोपऱ्यात 'जागा संपली, मागे पाहा'.

फर्मा १६६५ साली गेला. त्याचा मुलगा क्लेमां-साम्युएल बापाची खरडी घेऊन बसला आणि १६७० मध्ये बापाच्या ४८ टिपांसकट ते 'अरिथमेटिका' छापलं. बस्स, एवढंच केलं त्याने. घनाच्या त्या एका टिपेमागे ऑयलर, सोफी जेर्मां असे गणितज्ञ लागले. १९६३ साली केंब्रिजच्या एका वाचनालयात दहा वर्षांच्या अँड्र्यू वाइल्सला ते कोडं दिसलं. त्याने १९९३ मध्ये सिद्धता जाहीर केली, तिच्यात भोक निघालं, ते बुजवून १९९५ मध्ये छापली. शंभरावर पानं! आणि जिच्या समासात ते लिहिलं होतं ती मूळ प्रत? ती आजतागायत सापडलेली नाही. मुलाने छापलं नसतं तर?

पत्रं होती, नाव अगदीच पुसलं गेलं नसतं, मान्य. आणि ती सिद्धता त्याच्याकडे बहुधा नव्हतीच, असं जाणकार म्हणतात, तेही मान्य. ४,२९,४९,६७,२९७ ही मूळ संख्या आहे असं तो धरून चालला होता. ऑयलरने दाखवलं की तिला ६४१ ने भाग जातो. पण चूक तरी शिल्लक राहिली ना! आमच्याकडे चूकसुद्धा किलोवर जाते.

हो, आमच्याकडे. २००९ साली, अण्णांचं वर्षश्राद्ध झाल्यावर, मी स्वतः रद्दीवाल्याला हाक मारली. दादाला खोली हवी होती. एकतीस किलो भरलं. पैसे मोजून घेतले मी.

अण्णांच्या कागदांत फर्मा निघाला नसता, हे मलाही कळतं. कृपा करून कमेंटमध्ये सांगू नका.

मी नववीत असताना त्यांनी मला ६१ चं गणित घातलं होतं. अशी संख्या शोध की तिच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला की पुन्हा पूर्ण वर्ग यावा. १६५७ साली फर्माने हेच कोडं इतर गणितज्ञांना टाकलं होतं, आणि आपले भास्कराचार्य पाचशे वर्षं आधी चक्रवाल पद्धतीने ते सोडवून बसले होते. सगळ्यात लहान उत्तर २२,६१,५३,९८०! अण्णांनी पडताळा हाताने केला, तीन संध्याकाळी. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावजवळ पाटणला मठ काढला, त्याचा शिलालेख आहे. दगडावर कोरलं हो त्याने. मला एक ट्रंक ठेवता आली नाही.

खालच्या मुलावर चिडले होते खरी. पण दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात जातोय तोही, कुठे ठेवणार? तरी ते चौदा-सोळा करायला नको होतं.

दुपारी मी माझं फडताळ रिकामं केलं. तळाशी अंथरलेला कागद निघाला, तेलाच्या बरणीचा गोल डाग पडलेला. निळी पेन्सिल. लांबलचक गुणाकार, अर्ध्यात तुटलेला, कोपऱ्यात 'जागा संपली, मागे पाहा'. हात कापत होता, खोटं कशाला सांगू. उलटलं.

मार्च १९८७. चौकटीचौकटीत आईच्या अक्षरात दुधाचा हिशोब. दीड, दीड, दोन. सत्तावीस तारखेला खाडा.