गिरण्या संपाने नाही बुडाल्या

दर १८ जानेवारीला, म्हणजे गिरणी संप सुरू झाला त्या तारखेला, एक मेसेज फिरतो: 'दत्ता सामंतांनी भोळ्या कामगारांना भडकवलं, अवाच्या सवा पगार मागितला आणि अडीच लाख चुली विझवल्या. १९८२ चा संप झाला नसता तर गिरणगाव आजही नांदतं असतं.' माझे वडील त्या संपात होते, त्यामुळे गप्प बसवत नाही.

भडकवलं म्हणे! कामगार आपल्या पायांनी डॉ. सामंतांच्या घाटकोपरच्या घरी गेले होते, 'आमचं नेतृत्व करा' म्हणायला. कारण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने गिरणी मालकांशी बोलणी करायचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघ या एकट्या कामगार संघटनेकडे होता. कामगारांचा त्या संघावरचा विश्वास उडाला तरी हक्क संघाकडेच. हा कायदा रद्द करा, ही संपाची मागणी होती. मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नसतो.

पगाराचं म्हणाल, तर वडील कित्येक वर्षं बदली कामगार होते. कार्ड खिशात घालून सकाळच्या पाळीआधी गिरणीच्या फाटकाशी उभं राहायचं. साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, कुणी आलं नसेल तर आत, नाहीतर डबा न उघडताच घरी. आई डबा हातात घेऊनच ओळखायची, आज काम मिळालं की नाही. अशा बदलीवाल्यांना कायम करा, ही मागणी अवाच्या सवा कशी?

आता 'संपाने गिरण्या बंद पडल्या' हे. हजारो माणसं कायमची बाहेर फेकली गेली, सामंतांचेही अंदाज चुकले, ते मी नाकारत नाही. पण संपानंतर बऱ्याच गिरण्या कमी माणसांवर पुन्हा सुरू झाल्या. मालकांनी नव्या यंत्रांत पैसा घातला नव्हता आणि कापड भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर स्वस्तात विणून मिळत होतं, ही दुखणी संपाच्या आधीची. संप चालू असताना, १९८३ मध्ये, केंद्राने मुंबईतल्या १३ गिरण्या ताब्यात घेतल्या.

खरा घाव जमिनीचा. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरणीची जमीन विकासाला खुली केली. ठोकळमानाने एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, उरलेली मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला: वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीची. ज्या जमिनीवर शेड उभ्या होत्या ती वाटणीतून सुटली, आणि गिरणीत शेडच जास्त! २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा बदल ग्राह्य धरला. त्याआधी २००५ मध्येच केंद्र सरकारच्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या मुंबई टेक्स्टाइल मिलची जमीन ७०२ कोटींना विकली गेली होती.

सूत विकून एवढे पैसे कुठल्या गिरणीला मिळाले असते? संप मिटवायची घाई मालकांना का नव्हती, हे वडिलांना त्या आकड्याने कळलं. पेपर घडी करून ते बराच वेळ तसेच बसून होते.