वाड्यातलं 'परकीय' उपटून टाकण्याआधी

सध्या नाशकात एक मेसेज फिरतोय, की आपला मराठी वाडा शंभर टक्के देशी, मुघलांचा त्याला वारासुद्धा लागला नाही, बाहेरचं जे दिसतं ते इंग्रजांनी घुसडलं, तेव्हा दुरुस्ती करताना ते उपटा आणि मंगलोरी कौलांसारखं अस्सल पुरातन तेवढं ठेवा. वाडा दुरुस्तीला काढलेल्यांपर्यंत हे पोचतंय म्हणून लिहितेय.

आधी ती "पुरातन" कौलं. मंगलोरी कौलांचा कारखाना 1865 ला मंगळूरला जर्मन-स्विस बासेल मिशनने काढला, प्लेब्स्ट नावाच्या जर्मन माणसानं. त्याच वर्षी थळ घाटातून, म्हणजे कसारा घाटातून, रेल्वे सुरू झाली आणि असला जड माल इकडे आणणं सोपं झालं. त्याआधी छपरावर कुंभाराची नळीची कौलं असायची. जुनं मंगलोरी कौल उलटं करून बघा, कारखान्याचं नाव छापलेलं असतं.

मुघलांचा वारा नाही म्हणता? मग नाशकातल्या पेशवेकालीन सरकारवाड्यातले खांब नीट बघा. दगडी तळखड्यावर (बैठकीच्या दगडावर) सुरूदार, म्हणजे सुरूच्या झाडासारखे लाकडी खांब, बुडाशी फुगीर, त्यावर पानं कोरलेली, वर निमुळता, आणि दोन खांबांमध्ये पाकळ्यांची महिरप, म्हणजे नक्षीची कमान. ही जोडी शाहजहानच्या काळातल्या दरबारी इमारतींतून आलीय. पण आपल्या सुतारांनी काय केलं बघा ना, तिकडं दगडी कमान भार पेलते, इकडं महिरप म्हणजे खांबांमध्ये बसवलेल्या कोरीव फळ्या, सगळा भार तुळईवरून सरळ खांबात उतरतो, म्हणजे रूप घेतलं आणि बांधणी आपली ठेवली! मला तर हीच वाड्यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते. आणि हे फक्त वाड्यांचंच नाही, 1756 च्या सुंदरनारायण मंदिरातही मुघल वळणाच्या कमानी आहेत, तिथं कुणाचा धर्म बुडाला नाही.

म्हणून वाडाच परका असं कुणी म्हणू नये. चौक, ओसरी, माजघर, देवघर, खणांच्या (दोन खांबांमधल्या अंतराच्या) हिशोबात घर मोजणं, हा सांगाडा इथल्या उन्हापावसाचा आणि इथल्या कुटुंबांचा.

राहिलं "इंग्रजांनी घुसडलं". रंगीत काचा, बिडाचे कठडे, नक्षीच्या फरशा कुणी जबरदस्तीनं बसवल्या नाहीत, मालकांनी हौसेनं पैसे मोजून आणल्या. आणि नक्षीच्या फरशा तर 1922 पासून मुंबईत भारत टाइल्सवाले विलायती मालाला स्वदेशी उत्तर म्हणून बनवत होते, त्या विलायती म्हणून फोडणार का?

ज्यांचं काम सुरू आहे त्यांनी प्लीज महिरपींना आणि काचांना हात लावू नका, आधी तुळयांची टोकं भिंतीत कुजलीयत का, वाळवी लागलीय का ते तपासा. आणि मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा तर अजिबात मारू नका, आत गेलेली ओल बाहेर पडत नाही, भिंत आतून भुसभुशीत होते आणि भिंतीतलं लाकूडही सडतं. चुना वापरा.