राख नव्हे, अर्धवट जळकं लाकूड!
वणव्यानंतर उगवणाऱ्या रानफुलांच्या बिया रुजाव्यात म्हणून त्यांवर सरसकट 'राख टाका' असं तुमच्या लेखात म्हटलंय, ते खटकलं. पूर्ण जळून पांढरी झालेली राख क्षारयुक्त असते, जास्त पडली तर कोवळी मुळं करपतात. बी जागं करणारी द्रव्यं सेंद्रिय असतात, ती धुरात आणि अर्धवट जळून काळ्या पडलेल्या काटक्यांत सापडतात. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांनी धुरातून असंच एक द्रव्य वेगळं केलं, कॅरिकिन. ते पाण्यात विरघळतं, अगदी लेशभर पुरतं. म्हणून काळ्या काटक्या कुटून भुकटी वाफ्यावर पातळ भुरभुरावी, वर पाणी शिंपडावं. कॅलिफोर्नियाच्या झुडपी रानातली काही फुलं अशा भुकटीने खरंच उगवतात. ल्युपिनसारख्या (हे शेंगा येणारं रानफूल) टणक सालीच्या बियांना मात्र ती सहसा पुरत नाही, त्यांची साल आधी घासावी लागते. हा फरक लेखात यायलाच हवा, बियाणं फुकट जातं हो!