‘पाव गोळीने काय होतंय?’

‘टेन्शनची पाव गोळी बिनधास्त घ्या’ हा मेसेज सध्या नाशकात फॅमिली ग्रुपांवर फिरतोय. गोळी म्हणजे अल्प्राझोलाम. मी इंदिरानगरात मेडिकलच्या काउंटरवर उभा असतो. काल एका काकूंनी चिठ्ठीऐवजी तोच मेसेज समोर धरला.

मेसेज म्हणतो, ‘मेंदूत आनंदाचं सेरोटोनिन वाढतं.’ नाही वाढत. गाबा हे रसायन मेंदूतल्या पेशींना ब्रेक लावतं. ही गोळी गाबाच्या रिसेप्टरला, म्हणजे पेशीवर गाबा जिथे बसतं त्या जागेला, चिकटून तोच ब्रेक घट्ट करते, क्लोराइडची दारं जास्त वेळा उघडतात, पेशी थंडावते. सेरोटोनिन वाढवणारी गोळी, एस्सिटालोप्राम, ती वेगळी. तिचा गुण यायला काही आठवडे जातात.

‘चार तासांत उतरते, मग ग्लासभर वाइन चालते.’ उतरते ती गुंगी. निरोगी माणसाच्या रक्तात गोळी निम्मी व्हायलाच साधारण ११ तास लागतात, उतारवयात १६च्या आसपास. रात्री दहाची गोळी सकाळी नऊला जवळपास निम्मी शिल्लक! आणि वाइन आपल्या गावची असली तरी तिच्यातलं अल्कोहोल तोच ब्रेक दाबतं. दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतो.

‘कुठल्याही औषधासोबत चालते.’ काकूंच्या पिशवीत गजकर्णासाठी दिलेली इट्राकोनाझोल होती. अल्प्राझोलाम ज्या एन्झाइमने यकृतात मोडते, त्यालाच ती अडवते. मग पाव गोळी पाव राहत नाही. ही जोडी वर्ज्यच आहे.

‘चिठ्ठी लागत नाही.’ लागते. औषध शेड्यूल एच१ मधलं, म्हणजे चिठ्ठीवरच आणि नोंद करून विकायच्या औषधांच्या सरकारी यादीतलं. डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव रजिस्टरला चढतं, ते तीन वर्षं जपावं लागतं.

‘सवय लागली तर त्याच दिवशी बंद करा.’ हे मात्र सगळ्यात घातक. रोजच्या गोळीला रिसेप्टर सरावतात, मेंदूचा स्वतःचा ब्रेक ढिला पडतो. अशात गोळी एकदम काढली की झोप उडते, हात थरथरतात, छाती धडधडते. काहींना फिट येते. शिवाय भीती दुपटीने परतते, आणि माणूस म्हणतो, बघा, गोळीशिवाय जमतच नाही. डोस थोडा थोडा उतरवावा लागतो, कधी कधी महिनोन्‌महिने.

“किती दिवस घेताय?” काकूंना विचारलं.

“सहा महिने झाले. शेजारणीच्या स्ट्रिपमधली.”

गोळी दिली नाही, पण ‘आजपासून बंद’ असंही म्हटलं नाही. त्यांच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला, आणि दोन्ही स्ट्रिपा घेऊन त्यांना लगेच पाठवलं.