पापादोपुलोस म्हणजे पोपचा मुलगा नव्हे

लेखात ‘पापादोपुलोस’ या ग्रीक आडनावाचा अर्थ ‘पोपचा वंशज’ असा दिला आहे, तो दुरुस्त करावा. इथला ‘पापास’ म्हणजे गावातला ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पुरोहित. त्याचं अनेकवचन ‘पापादेस’, आणि आडनावात येतं ते हेच ‘पापाद्’ अंग. दीक्षेआधी लग्न झालेल्या माणसाला त्या चर्चमध्ये पुरोहित होता येतं, म्हणून ‘पुरोहिताचा मुलगा’ यात वावगं काहीच नाही. ‘-पुलोस’ मूळचा लॅटिन ‘पुल्लुस’, म्हणजे पिल्लू! हा प्रत्यय मुख्यतः पेलोपोनीसचा, म्हणजे दक्षिण ग्रीसमधल्या द्वीपकल्पाचा, पण हे आडनाव मात्र ग्रीसभर आढळतं. त्यामुळे केवळ त्यावरून मूळ गाव ठरवू नका. आडनावाच्या शेवटी ‘-आकिस’ दिसलं तर क्रीट बेट आणि ‘-इदिस’ दिसलं तर पोंटस (काळ्या समुद्राचा दक्षिण किनारा), हा अंदाज बराच भरवशाचा.

घराण्याच्या जुन्या नोंदी शोधताना हमखास चूक होते ती स्त्रियांच्या नावात. मुलीचं आडनाव षष्ठीत जातं: पापादोपुलू. आघातही सरकतो, ‘दो’वरून ‘पु’वर. दोन्ही रूपं शोधा. अमेरिकेत गेलेल्यांचं तर नुसतं ‘पापास’ही उरलेलं असतं. शिवाय १९८३ च्या कायद्यापासून ग्रीसमध्ये लग्नानंतरही स्त्रीचं जन्माचंच आडनाव कायम राहतं, म्हणून नवरा-बायकोची आडनावं जुळली नाहीत तरी नोंद चुकीची समजू नये.