रेझिन, हार्डनर आणि वेटिंग लिस्ट

बडोद्यात राहून घरच्या अंगणात होडी बांधणारा माणूस ती मासेमारीसाठी बांधत असेल, यावर कोणाचाही विश्वास बसत नाही. विश्वामित्रीत मगरी शेकड्यांनी आहेत. ऑगस्ट 2024 मध्ये या नदीने काळा घोडा पुलापाशी धोक्याची पातळी ओलांडून 35 फुटांच्याही वर मजल मारली, आणि कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीत लोकांनी गच्चीवर उभे राहून स्वतःचेच फ्रिज तरंगत जाताना पाहिले. त्यामुळे मही नदीच्या पात्रात निवांत गळ टाकून बसता यावे म्हणून मी बारा फुटी होडी करीत आहे, हे माझे सांगणे निवृत्त माणसाचा विनय म्हणून सोडून देण्यात आले. समोरच्या बंगल्यातले जैन काका तर पहिल्याच दिवशी फाटकाशी येऊन म्हणाले, "भाई, तमे माछली पकडशो तो अमने वांधो छे, पण पूर आवे तो अमारा चार लखजो." म्हणजे मासे पकडण्याला हरकत, पण पूर आला तर होडीत त्यांच्या घरच्या चौघांची नावे आधीच लिहून ठेवायची.

आराखडा तसा साधा आहे. आयएस 710 असा शिक्का असलेले सहा मिलिमीटर जाडीचे मरीन प्लायवूड बाजारात आठ फुटी तक्त्यांत मिळते, म्हणून बारा फुटांसाठी दोन तक्ते जोडावे लागतात, आणि जोड पक्का व्हावा यासाठी दोन्ही कडा जाडीच्या आठपट लांबीचा उतार देऊन रंध्याने तासाव्या लागतात. नंतर कापलेल्या भागांच्या कडांना छिद्रे पाडून ते तांब्याच्या तारेने एकमेकांना चक्क शिवायचे, आतल्या सांध्यांत इपॉक्सीची, म्हणजे रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव मिसळले की घट्ट होणाऱ्या चिकट पदार्थाची, भर घालायची, तारा ओढून काढायच्या आणि आतून-बाहेरून काचेचे कापड चढवायचे. खिळ्यांचे काम नाही. मदतीला बोलावलेल्या सुताराने हे सारे शांतपणे ऐकून घेतले, "काका, लाकूड शिवायचे असेल तर शिंप्याला बोलवा," असा सल्ला दिला आणि चहा पिऊन तो जो गेला तो परतला नाही.

खरी परीक्षा इपॉक्सीची. टाक्या आणि पत्रे करणारे कारागीर पॉलिएस्टर रेझिन वापरतात. त्यात हार्डनरचे प्रमाण हवामान पाहून थोडे कमी-अधिक केले तरी चालते. इपॉक्सीला ही सवलत नाही. तेथे रेझिन आणि हार्डनर यांचे रेणू एकमेकांशी हिशेबाने जोडले जातात, आणि हार्डनर जास्त घातल्याने काम लवकर उरकत नाही. उरलेला हार्डनर आतच राहतो आणि होडी कायमची चिकट होऊन बसते. पियर कास्टान या स्विस रसायनशास्त्रज्ञाने 1930 च्या दशकात इपॉक्सीवर काम केले ते कवळ्यांसाठी योग्य पदार्थ शोधताना, ही माहिती मी घरात मोठ्या उत्साहाने सांगितली. तेव्हापासून या पदार्थाकडे पाहण्याची आमच्या मातोश्रींची दृष्टी बदलली असून, होडी झाल्यावर उरलेल्या मालाचे काय करणार, असे त्या अधूनमधून विचारतात.

प्रमाण वजनाने मोजायचे असल्यामुळे स्वयंपाकघरातला डिजिटल काटा अंगणात आला. "न्या. माझा हात हाच काटा आहे," असे म्हणून सौभाग्यवतींनी तो दिला खरा, पण शंभर ग्रॅमला पन्नास ग्रॅम हा हिशेब माझ्याकडून नीट पाळला जाईल याची खात्री त्यांना नव्हती. दुसऱ्याच आठवड्यात मोजण्याचे खाते त्यांनी स्वतःकडे घेतले. भुसा आणि सिलिकाची पावडर घालून सांध्यांची भर श्रीखंडाइतकी घट्ट करावी लागते, त्या कामात तर मला उभेही राहू देण्यात आले नाही.

डब्यावर लिहिलेले असते की मिसळलेले रेझिन 25 अंशांना अर्धा तास टिकते. बडोद्याच्या मे महिन्यात 25 अंश फक्त एसीच्या रिमोटवर दिसतात. तापमान दहा अंशांनी चढले की हाताशी असलेला वेळ साधारण निम्मा होतो. शिवाय सकाळी लेप दिला तर उन्हाने तापणाऱ्या लाकडातली हवा बाहेर येऊन लेपभर बुडबुडे उठतात, म्हणून उतरत्या तापमानात, म्हणजे संध्याकाळीच काम करावे लागते. आणि संध्याकाळी सोसायटी फिरायला निघते.

अशाच एका संध्याकाळी मी ताजे मिश्रण उभ्या मगात घेऊन वळतो तोच सेक्रेटरी साहेबांनी मला अडवले. त्यांच्या सासूबाईंना पुढे बसवावे की मागे, हा प्रश्न होता. त्यांना गुडघ्याचा त्रास आहे, पुढे वारा लागतो, मागे मगरीचे भय वाटते, असा सविस्तर ऊहापोह चालू असताना माझ्या तळहाताला मग कोमट लागला, मग गरम लागला, आणि पाहता पाहता त्यातून पांढरा धूर निघू लागला. पसरट ट्रेमध्ये ही उष्णता उडून जाते. मगात ती कोंडते आणि स्वतःलाच चेतवते. मी मग वाळूत टाकला. प्लास्टिक वाकडे झाले होते आणि आत पिवळट दगड तयार होता. सेक्रेटरी दोन पावले मागे सरकून म्हणाले, "मग त्यांना मधोमध बसवू."

कापड चढवण्याचे काम मात्र मला मनापासून आवडले. पांढरेशुभ्र काचकापड कोरड्या लाकडावर पसरायचे, मध्ये रेझिन ओतायचे आणि रबरी पट्टीने ते कडांकडे सारत न्यायचे. जिथे रेझिन मुरते तिथे पांढरेपणा नाहीसा होऊन खालच्या लाकडाच्या रेषा स्वच्छ दिसू लागतात, आणि जिथे हवा अडकते तिथे पांढरा ठिपका राहतो. असा एक ठिपका मी बराच वेळ पट्टीने दाबत होतो. तो डास निघाला. जैन काकांनी चष्मा पुसून त्याचे दर्शन घेतले आणि मासेमारीचे पाप होडी पाण्यात पडण्याआधीच सुरू झाल्याची नोंद केली. चार जागा मात्र रद्द केल्या नाहीत.

पावसाळी हवेत वाळलेल्या इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो पाण्याने घासून धुतल्याशिवाय पॉलिश पेपर मारता येत नाही. तो मारताना जी काच उडते तिच्याबद्दल थोडक्यात सांगायचे तर मास्क लावावा, बाह्या बांधाव्यात आणि नंतर थंड पाण्यानेच आंघोळ करावी.

इपॉक्सीला ऊन सोसत नाही, तेव्हा रंग लावणे भाग होते. माशांना बुजवू नये म्हणून मला शेवाळी रंग हवा होता. सोसायटीला हेलिकॉप्टरमधून दिसेल असा भगवा हवा होता. अखेर मासे खालून पाहतात आणि हेलिकॉप्टर वरून, या तत्त्वावर तळ मला मिळाला आणि आतली बाजू सोसायटीला.

होडीत तीन माणसे बसतात. वॉचमनच्या वहीतली यादी दुसऱ्या पानावर गेली आहे. मागच्या सभेत होडीला पार्किंगचा दर दुचाकीचा लावावा की चारचाकीचा, यावर बरीच चर्चा झाली. तिला चाकेच नाहीत, हा माझा मुद्दा मान्य होऊन भाडे माफ झाले, परंतु त्याच सभेत 15 जून ते 15 ऑक्टोबर या काळात होडी सोसायटीच्या आवाराबाहेर नेता येणार नाही, असा ठराव मंजूर करण्यात आला. त्याखाली अनुमोदक म्हणून आमच्या सौभाग्यवतींची सही आहे.