खुलासा: टपावरील तंबू आणि ३१७ किलोंचा आकडा

सुबारू आउटबॅक वाइल्डरनेस या गाडीच्या टपावर ३१७ किलो सामान लादून कच्च्या रस्त्याने खुशाल जाता येते, असा दावा सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे आणि त्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

कंपनीने दिलेला ७०० पौंडांचा, म्हणजे सुमारे ३१७ किलोंचा आकडा खरा असला, तरी तो फक्त उभ्या गाडीसाठी आहे; तंबू उघडून त्यात माणसे झोपलेली असताना टपावर येणारे एकूण वजन त्यात मोजायचे असते. चालत्या गाडीसाठीची मर्यादा २२० पौंड, म्हणजे जेमतेम १०० किलो आहे. हा फरक यासाठी की वळण घेताना, ब्रेक दाबताना किंवा चाक खड्ड्यात आदळताना टपावरच्या वस्तूचा भार तिच्या स्थिर वजनापेक्षा कितीतरी अधिक जोराने आडव्या दांड्यांवर येतो.

दोघांसाठीचा तंबूच बहुधा ५० ते ७० किलोंचा असतो. त्यामुळे वर पाण्याचे कॅन, जादा चाक आणि पेट्या चढवल्या की मर्यादा सहज ओलांडली जाते. नवे दांडे बसवले असल्यास त्यांचे वजनही धरावे, आणि त्यांच्या उत्पादकाने दिलेली मर्यादा कमी असेल तर तीच पाळावी.

या गाडीचा तळ जमिनीपासून ९.५ इंच उंच आहे. आणखी उंची वाढवणाऱ्यांनी तर टपावर शक्य तितके कमी सामान ठेवावे, कारण गुरुत्वमध्य वर सरकला की उतारावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. जड वस्तू मागच्या सीटलगत, खाली आणि घट्ट बांधून ठेवाव्यात.